बंद पडलेलं स्टेशन परत जागं करायचंय? आधी कौलं बघा, आर्किटेक्ट नंतर बोलवा

गोव्यातल्या मुरगाव बंदरापासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतची आपली रेल्वे लाइन चालूच आहे, पण तिच्या कडेकडेने बघत गेलात तर कितीतरी गोष्टी बंद पडलेल्या दिसतील. मीटरगेजच्या काळातली गुड्स शेड, मालधक्के, केबिनी, गँगमनच्या खोल्या, कौलारू क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींची गरजच संपली. मग अधूनमधून गावात कोणीतरी उठतो आणि म्हणतो की इथे काहीतरी करूया, मीटिंग होते, थ्रीडी चित्रं येतात, त्यात फूड कोर्ट असतो आणि फॉरेनर बायका कॉफी पिताना दाखवलेल्या असतात, आणि तोवर दोन पावसाळे जाऊन छप्पर बसलेलं असतं.

ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पंचायतीचे पंच असाल, क्लबवाले असाल, आर्किटेक्चरची पोरं असाल, कोणीही. माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं तरच पुढे वाचा: आधी छप्पर, मग वापर, आणि सुशोभीकरण सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट्या क्रमाने होतं, म्हणून उद्घाटनाचा फलक चकचकीत आणि आत गळकी इमारत.

जमीन कोणाची ते आधी कागदावर बघा

"ती रेल्वेची जागा" असं सगळे म्हणतात, पण नेहमी तसं असतंच असं नाही. शेडखालची जमीन रेल्वेची, समोरचा रस्ता पंचायतीचा, बाजूची मोकळी जागा कोमुनिदादची (गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि कोपऱ्यातली टपरी कोणाची ते देवाला माहीत, असंही निघू शकतं. त्यामुळे सर्व्हे प्लान आणि एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढा, मग प्रादेशिक आराखड्यात किंवा शहर असेल तर ओडीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) त्या जागेचा झोन कुठला ते बघा. ही लाइन नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात येते, कोकण रेल्वेचा कारभार वेगळा, अर्ज चुकीच्या ऑफिसात टाकलात तर उत्तराची वाट बघण्यातच वर्ष जाईल. तोंडी विचारून कोणी नीट सांगत नाही, सरळ आरटीआय टाका, दहा रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. तीन प्रश्न पुरे: ही इमारत रेल्वेच्या रेकॉर्डवर वापरात आहे की नाही, पाडायचा काही प्रस्ताव आहे का, आणि जागा कोणाला लीजवर किंवा लायसनवर दिलीय का.

बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसते. रेल्वे स्वतःच्या कामासाठी काही पाडते किंवा बांधते तेव्हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ११ मुळे स्थानिक परवानग्यांच्या नियमांतून तिला बरीच सूट मिळते. म्हणजे टाउन प्लॅनिंगच्या नियमात हेरिटेजबद्दल काहीही लिहिलेलं असो, "पाडणार नाही" हे तुम्हाला रेल्वेकडूनच लेखी घ्यावं लागेल. जागा विकत मिळेल या भ्रमात राहू नका, लीज, लायसन किंवा राज्य सरकारमार्फत करार, हेच मार्ग. मोकळ्या जमिनीचा व्यापारी विकास करायला रेल्वेची आरएलडीए नावाची वेगळी संस्था आहे, आणि तुमची जागा तिच्या यादीत गेली असेल तर तुमची बोलणी एकदम वेगळ्या टेबलावर होणार, म्हणून ते आधीच माहीत असलेलं बरं. सावर्डे आणि वास्को ही दोन्ही स्टेशनं रेल्वेच्या स्टेशन सुधारायच्या अमृत भारत योजनेत आहेत, तिथे काही सुचवायचं असेल तर चालू आराखड्याला धरूनच सुचवा.

शेजारची लाइन चालू असेल तर कुंपण पहिल्या दिवशी, बाकी सगळं नंतर. रुळावर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहेच, शिवाय वर वायर असेल तर तिच्यात २५,००० व्होल्ट असतात, लोखंडी शिडी किंवा लांब पाइप घेऊन खाली वावरणाऱ्या कामगाराला हे कोणीतरी सांगायला हवं आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच.

जपायचं नक्की काय?

फक्त स्टेशनची बिल्डिंग, असं उत्तर देऊ नका. ही लाइन का झाली ते थोडं आठवा. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीजांचा करार झाला, त्यातून मुरगाव बंदर आणि रेल्वे एकत्रच उभी राहिली, कंपनीचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, पण पैसा आणि इंजिनिअर मुख्यतः इंग्रजांचे. १८८८ पर्यंत घाट चढून रूळ कॅसलरॉकला भिडले. १९०२ पासून कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे गेला. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणून सरहद्दीची तपासणी गोव्याच्या बाजूला कुळ्याला आणि पलीकडे कॅसलरॉकला, १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली तेव्हा सरहद्दीपलीकडची गाडीच थांबली, आणि १९६१ नंतर सगळं भारतीय रेल्वेत आलं. एवढा सगळा इतिहास काय एका तिकीट खिडकीत मावतो होय? तो मालधक्क्यात आहे, सामान उतरवून तपासायच्या जागेत आहे, साहेबाचा बंगला आणि गँगमनच्या खोलीतल्या फरकात आहे. खोल्या पाडून बंगला तेवढा ठेवलात तर अर्धी गोष्ट गेली समजा.

म्हणून पूर्ण आवाराचा नकाशा काढा, विहीर, झाडं, पायवाट, दगडी गटार, फलाटाची कड, सगळं. मोजमापं टेपने घ्या आणि प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा. रुळाचे तुकडे कुंपणाला किंवा खांब म्हणून उभे केलेले असतील तर जरूर थांबा. रुळाच्या मधल्या पट्टीवर, ज्याला वेब म्हणतात, कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठावात कोरलेलं असतं. गंज हलक्या हाताने ब्रशने झाडा, कागद लावून वरून खडू किंवा कोळसा फिरवा, अक्षरं उमटतात. तसंच कौलाच्या पोटाला कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, त्यानंतर किनाऱ्यावर कितीतरी कारखाने निघाले, एकाच छपरावर तीन-चार वेगवेगळे शिक्के सापडले तर छप्पर कधी कधी दुरुस्त झालं त्याचा अंदाज येतो.

दारं-खिडक्यांचा जुना रंगही असाच वाचता येतो. आडोशाच्या कोपऱ्यात बोटाएवढी जागा घ्या, ब्लेडने एकेक थर पायरीसारखा उघडा, वरचा ऑइल पेंट, खाली दुसरा, त्याखाली तिसरा, अगदी लाकडापर्यंत. मूळ रंग कुठला हे कोणाच्या आठवणीवर ठरवू नका, प्रत्येकाला वेगळा आठवतो. फक्त जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा पॉलिशपेपर मारू नका, ओलं करून खरवडा आणि मास्क घाला.

सुट्या वस्तूंची यादी ताबडतोब करा. टोकन मशीन, घंटा, तराजू, सिग्नलचे लिव्हर, दिवे, बाकडी. पितळेचं सगळ्यात आधी गायब होतं. यादी फोटोसकट करून एक प्रत स्टेशन मास्तरांना द्या आणि पोच घ्या. जुने नकाशे, पत्रव्यवहार यासाठी पणजीचं पुराभिलेख खातं आणि सेंट्रल लायब्ररी, पर्वरीचं झेवियर सेंटर. पण त्याआधी रिटायर झालेल्या सांधेवाल्याकडे, रूळ तपासणाऱ्या कीमनकडे, पोर्टरकडे जा, त्यांची वयं झालीत, कागद थांबेल, ते थांबणार नाहीत. कुठे उभं राहून काय करायचात, एवढंच विचारा आणि त्यांना जागेवर घेऊन जा, घरी बसून विचारलेलं आणि जागेवर दाखवलेलं यात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

छप्पर, चिरा आणि चुना

इथे वेळ घालवा, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

पावसाळ्यात एकदा छत्री घेऊन आत उभे राहा आणि पाणी कुठून येतंय ते खडूने मार्क करा. उन्हाळ्यातली पाहणी निम्मी फसवी असते. कामाला लागायचं ते ऑक्टोबरनंतर. कौलं उतरवताना नंबर घाला, धड असलेली वेगळी रचा, आणि नवीन आणायची वेळ आली तर जुन्याचं एक कौल हातात घेऊन जा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि खाच बसली नाही की पहिल्याच वाऱ्यात पाणी आत. कौलांखालच्या रीपा बदलाव्या लागणारच, पण वासे सगळे फेकू नका, जुनं सागवान असतं ते, टोक तेवढं कुजलेलं असेल तर तेवढंच कापून जोड देता येतो, जुने सुतार अजून आहेत. वर पत्रा मारायचा सल्ला हमखास मिळेल, स्वस्त पडतो म्हणून. नको. आत भट्टी होते आणि पावसात नाटकाचा एक शब्द ऐकू येत नाही.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर वरून छाटून काही होत नाही, मूळ आत सरकत राहतं. मुळाला औषध देऊन मेल्यावर मगच तेवढे चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, सोडवून परत बसवायचे. मोठी झाडं मात्र वाचवा, आणि कापायचीच वेळ आली तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते हे विसरू नका.

आता भिंती. आपला चिरा पाणी पितो आणि सोडतो, तो त्याचा स्वभाव. जुन्या माणसांनी वर चुन्याचा गिलावा दिला तो त्यासाठीच, ओल बाहेर निघून जाते आणि झिजला तर गिलावा झिजतो, चिरा नाही. त्यावर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते, मग लोणा लागतो, पांढरी पावडर यायला लागते, आणि एक दिवस प्लास्टर चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच खाली येतं. वास्को-मुरगावकडे खारी हवा, तिथे हे जास्तच. म्हणून आधी ठोकून बघा, सिमेंटचा गिलावा पोकळ वाजत असेल तर तो सावकाश काढा, ब्रेकरने नाही, छिन्नी-हातोड्याने. भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या. ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टरला अजिबात आवडत नाही कारण त्याचं बिल थांबतं.

चुना म्हणजे दुकानातली पिशवी आणून पाण्यात कालवणं नव्हे. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली निदान काही आठवडे ठेवायचा, जास्त ठेवला तर चांगलंच, मग एका वाट्याला दोन ते तीन वाटे धुतलेली वाळू, आणि नीट मळायचा. समुद्राची वाळू चालणार नाही, मीठ असतं. जुन्या गिलाव्याचा खडा सौम्य ॲसिडात टाकलात तर चुना विरघळून वाळू खाली राहते, त्यावरून जुन्या मिस्त्रीने कुठली वाळू साधारण किती घातली होती ते कळतं. थर पातळ द्या, दोन थरांत वेळ द्या, आणि गोणपाट भिजवून ओलावा टिकवा, कडक उन्हात पटकन सुकला तर भेगा. वरून ॲक्रिलिक रंग मारलात तर एवढी सगळी मेहनत पाण्यात, चुन्याचीच सफेदी द्या, हवा तर रंग मिसळून.

टेंडरमध्ये एक अट घालून ठेवा: आधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना भिंतीवर करून दाखवायचा, तो पास झाला तरच पुढचं काम. कागदावर सगळ्यांनाच चुना येतो.

फलाटाचे खांब बिडाचे (कास्ट आयर्नचे) असतील तर गावातल्या वेल्डरला हात लावू देऊ नका, बीड साध्या वेल्डिंगने तडकतं. काही ठिकाणी असे खांब आतून पोकळ असतात आणि छपराचं पाणी त्यातूनच खाली जातं, बुडाशी गंज दिसला तर आधी वरचं तोंड तुंबलंय का बघा.

जमिनीतली घाणही तपासायला हवी. तेल, राख, खनिजाची धूळ. जुने लाकडी सिलिपर दिसायला झकास, त्याची बाकडी करायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरी रसायन पाजलेलं असतं, उन्हात ते सुटतं, पोरं बसतील तिथे किंवा भाजीच्या वाफ्याला ते वापरू नका. शेडवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर फोडू नका, भिजवून अख्खे उतरवा आणि अधिकृत एजन्सीलाच द्या.

वापर

छप्पर गळायचं थांबलं की वापर चालू, बाकी काम बाकी असलं तरी. रिकामी इमारत भरलेल्या इमारतीपेक्षा लवकर पडते.

म्युझियम, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं. चालतं, पण सगळीकडे नाही. आपल्याच रेल्वे विभागाने हुबळीत जुन्या दगडी इमारतींमध्ये रेल म्युझियम केलंय, २०२० पासून, ते बघून या, कारण तिथे जुन्या घराच्या खोल्या न मोडता वस्तू कशा मांडल्यात ते दिसेल. पण हुबळी जंक्शन आहे, माणसांचा राबता आहे. आपल्या छोट्या स्टेशनावर म्युझियमची एक खोली पुरे, बाकी जागेत रोजचं काहीतरी हवं. रेइश मागुशचा किल्ला दुरुस्त होऊन २०१२ मध्ये उघडला तो आजही लोक बघायला जातात, याचं एक कारण आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, बघायला काहीतरी आहे.

गुड्स शेडकडे वेगळ्या नजरेने बघा. मालधक्का वॅगनच्या तळाच्या उंचीला बांधलेला, म्हणजे रुळाच्या पातळीपासून साधारण मीटरभर वर. रूळ काढलेली जागा प्रेक्षकांना, धक्का रंगमंचाला, वर छप्पर, बाजूला विंगा करायला दारं. जत्रेतली नाटकं करणारी मंडळी, भजनी पथकं, तियात्र (कोंकणी नाटक) करणारे, सगळ्यांना तालमीला जागा हवीच असते. त्यासाठी नवीन काही बांधायची गरजच नाही, पडदा टांगायला लाकडाला भोकं न पाडता क्लॅम्प लावा म्हणजे झालं. सकाळी तिथेच भाजीवाल्या, शनिवारी बाजार, दुपारी पोरांचा अभ्यास.

खायचं हवं तर पातळभाजी-पाव, भजी, चहा ठेवा, भाडं परवडेल असं ठेवा म्हणजे गावातलाच कोणी चालवेल. पण गॅस आणि तळण शेडच्या बाहेर, वेगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये. वर सुकं लाकूड आहे, जुनी वायरिंग आहे, एवढं कारण बास. कुळ्यासारख्या ठिकाणी दूधसागर धबधब्याच्या सीझनला पर्यटक येतात म्हणून सगळं त्यांच्यावर बेतू नका, पावसाळ्यात काय करणार?

रूळ उखडलेली मोकळी पट्टी असेल तर ती तोडून प्लॉट पाडू देऊ नका, एकदा तुटली की परत जुळत नाही. पोर्तुगालमध्ये विझेउच्या बाजूला बंद पडलेल्या दाओं लाइनची ४९ किलोमीटरची सायकल-वाट केलीय, २०११ पासून चालू आहे, वाटेतली छोटी स्टेशनं विसाव्याला. आपल्याकडे एवढी लांब पट्टी मिळायची नाही, पण अर्धा किलोमीटरसुद्धा शाळेच्या पोरांना रस्ता टाळून जायला पुरतो. रेल्वेची पट्टी जवळजवळ सपाटच असते, चढ अगदी हळू, आजी-आजोबांना फिरायला याहून बरं काय!

नवीन काही बांधायचंच असेल

टॉयलेट लागतंच, पार्किंग लागतं, रॅम्प लागतो. नवीन गोष्ट जुन्या भिंतीला चिकटवू नका, थोडं अंतर सोडा, उंची जुन्या पन्हळीच्या खाली ठेवा, आणि खोटी जुनी बनवू नका, फायबरच्या कमानी वगैरे. नवीन आहे ते नवीन दिसू दे. जमिनीला पेव्हर ब्लॉक घालायच्या आधी, खरंच हात जोडून सांगतो, पाणी कुठे जातंय ते बघा. गोव्यात पेव्हर ब्लॉकची साथच आलीय. ते घालून जमिनीची पातळी चार इंच वर जाते, जोतं गाडलं जातं, आणि ओल सरळ भिंतीत. जुनं दगडी गटार उकरून साफ करा, नव्वद टक्के वेळा तेवढंच पुरतं. रंग बदलणारे एलईडी नकोत, पिवळा साधा दिवा पुरे.

पैसे

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (समाजासाठी करायच्या खर्चात) ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती बसते, कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट आहे, त्यामुळे देणगी मागायला संकोच नको. पण कंपनीला फोटो हवा असतो आणि छपराचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्यांना दाखवायला गुड्स शेडचा नाटकाचा भाग द्या आणि कौलांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात घाला. वारसा जपणाऱ्या इंटॅक आणि गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप या संस्थांच्या लोकांना सुरुवातीलाच भेटा, पैशासाठी नाही, सल्ल्यासाठी, चुन्याचं काम जाणणारी माणसं त्यांना माहीत असतात. ग्रामसभेत ठराव घ्या, कारण ठराव असला की रेल्वेचा साहेब बदलला तरी तुमचा कागद राहतो.

देखभाल

अंदाजपत्रकात दरवर्षीची दुरुस्ती वेगळी धरा, नाहीतर तिसऱ्या वर्षी सगळं मूळपदावर. एप्रिल-मे मध्ये एक माणूस छपरावर चढवा, सरकलेली कौलं बसवा, पन्हळीतला पाला काढा, वाळवी बघा, फाटकाला तेल घाला. जुनी कौलं शंभर-दीडशे जास्तीची आवारातच रचून ठेवा, ऐन जुलैमध्ये कुठे शोधणार. भिंतीत पिंपळाचं नखाएवढं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटा.

आणि किल्ली कोणाकडे, हे करारात लिहा. कमिटीच्या अध्यक्षाकडे किल्ली आणि अध्यक्ष पणजीला नोकरीला, मग संध्याकाळी तालमीला आलेली पोरं फाटकाबाहेर उभी. किल्ली समोरच्या टपरीवर द्या, तो माणूस सकाळी सहाला येतो आणि रात्री शेवटची गाडी गेल्यावर जातो.